चर्चेचा विषय निवडतांना

चालू घडामोडींवर वाद करावयाचा म्हटला, कीं बहुधा ताज्यांत ताजी बातमी उचलली जाते, आणि अर्ध्या घटकेंत विषय बाजूला राहून व्यक्तींची उणीदुणी निघतात. १८९१ सालचा संमतिवयाचा वाद निराळा. वय १० चें १२ करावें, या लहानशा फेरफारांत मोठा प्रश्न दडलेला होता. भांडारकरांनीं शास्त्राधार दाखविला. टिळकांनीं परकी सरकारच्या अधिकारालाच हरकत घेतली. दोन्ही पक्षांस सांगण्याजोगें पुष्कळ होतें.

भोर तालुक्यांतील उत्रोलीचेंच पाहा. तेथील औद्योगिक वसाहतीचा प्रश्न वर्षानुवर्षें गाजत आहे. ‘वसाहत हवी कीं नको’ असा विषय ठेवल्यास गलबला मात्र होईल. त्याऐवजीं, ‘जमीन देणाऱ्या कुटुंबास कायमची नोकरी दिल्यावांचून जमीन घेऊं नये’, असें विधान मांडावें. सातबाऱ्यावर नांव असलेला बाप आणि कामासाठीं पुण्याची वाट धरणारा मुलगा एकाच बाजूस बसतील, असें नाहीं. कायमची म्हणजे किती वर्षें, असें कोणी विचारील, विचारावेंच. शिवाय वडिलोपार्जित जमिनींत कायद्यानें मुलीचाहि समान हिस्सा आहे. नोकरी एकच असेल, तर ती घरांतल्या कोणास?