या लग्नांना समाजाची संमती?

रायपूरच्या बूढापारासारख्या जुन्या वस्तीत लग्न म्हणजे अजूनही साऱ्या गल्लीचा सोहळा. याच शहरात मार्च 2019 मध्ये पंधरा जोडप्यांचे सामुदायिक विवाह झाले. हळद, मेंदी, सप्तपदी, सारे रीतसर. वधू होत्या तृतीयपंथी स्त्रिया!

रायपूर मध्य प्रदेशात होते तेव्हा, 1987 मध्ये, भोपाळच्या दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केले होते. पुढच्याच वर्षी दोघींची नोकरी गेली.

मग लोकांचे मन खरोखरच बदलले का? प्यू या अमेरिकन संस्थेच्या पाहणीत समलिंगी संबंध समाजाने स्वीकारावेत असे म्हणणारे भारतीय 2014 मध्ये 15 टक्के होते, 2019 मध्ये 37. अशा जोडप्यांना कायदेशीर विवाहाची मुभा द्यावी, असे 2023 मध्ये 53 टक्के लोक म्हणाले. 43 टक्के विरोधात होते. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ठरावात मात्र 99.9 टक्क्यांहून अधिक जनता विरोधात असल्याचे म्हटले होते. ही मोजणी कोणी केली, कोण जाणे!

17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. तृतीयपंथी स्त्रीने पुरुषाशी केलेला विवाह मात्र प्रचलित कायद्यात बसतो, असे सांगितले. म्हणजे रायपूरच्या वधूंना वाट मिळाली, भोपाळच्या त्या दोघींसारख्यांना नाही.

अशा जोडीदारांना निदान संयुक्त बँक खाते उघडता येईल, शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले धरावे, असे केंद्र सरकारने 2024 मध्ये स्पष्ट केले.