आष्टीचे रणांगण

रणांगण म्हटले की ढासळलेले बुरूज आणि गंजलेल्या तोफा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. सोलापूर जिल्ह्यातील आष्टीला जाणाऱ्याने तशी अपेक्षा ठेवू नये. सोलापूरहून पुण्याच्या सडकेने मोहोळ गाठावे, तेथून पंढरपूरच्या वाटेला लागावे आणि उजव्या हातास आत वळावे, म्हणजे हे गाव लागते. फेब्रुवारी महिन्यात आम्ही मोटारीने तेथे गेलो, तेव्हा वाटेच्या दुतर्फा शाळूची कणसे दाण्यांनी भरली होती. गावाजवळ विस्तीर्ण तलाव आहे. पण तो पुढे इंग्रजी अमदानीत बांधलेला. मग पाहावयाचे काय? पाहावयाची ती जमीन.

ही जमीन बहुतेक सपाट आहे. सह्याद्रीच्या खिंडींनी आणि रानांनी मराठ्यांच्या गनिमी काव्याला जो आसरा दिला, तो या उघड्या माळावर कोठून मिळणार? येथे शत्रूने अकस्मात गाठले, तर दोनच मार्ग उरतात: घोड्याला टाच मारून निघून जावे, नाहीतर वळून उभे राहावे. २० फेब्रुवारी १८१८ रोजी येथे दोन्ही गोष्टी घडल्या.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला इंग्रजांशी युद्धास तोंड लागले. पुणे हातचे गेल्यावर दुसरा बाजीराव पेशवा फौजेसह गावोगाव फिरत होता आणि इंग्रज त्याच्या पाठीवर होते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांनाही त्याने बरोबर ठेवले होते. पेशवा सोलापुराकडून पंढरपूरकडे निघाल्याची वार्ता जनरल स्मिथला लागली. त्याने घोडदळ घेऊन रातोरात मजल मारली आणि सकाळी आष्टीस पेशव्याला गाठले.

शत्रू इतका जवळ येईतो छावणीला पत्ता नव्हता. बाजीरावाने सेनापती बापू गोखले यांना दोष देणारा निरोप धाडला. आपल्या पिछाडीचे रक्षण होईल, निश्चिंत असावे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी पाठविले, असे इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. बाजीराव घोड्यावर बसून निघून गेला. बापू थोडे स्वार घेऊन इंग्रजी घोडदळावर तुटून पडले. त्या धुमश्चक्रीत स्मिथ जखमी झाला आणि बापू धारातीर्थी पडले.

बाजीरावाला भित्रा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याचा ठपका सर्वस्वी निराधार होता असेही म्हणवत नाही. शत्रूची बातमी राखणे हे सेनापतीचे पहिले काम. ते त्या रात्री झाले नाही. बापूंनी मात्र त्या चुकीचे मोल दुसऱ्या कोणाकडून वसूल केले नाही. हे सांगताना माझ्या मनातील त्यांच्याविषयीचा आदर तिळभरही कमी होत नाही.

पानिपताच्या मानाने ही एक लहानशी चकमकच. तरी तिचा परिणाम फार मोठा झाला. सेनापती गेल्याने फौजेचा धीर खचला. त्याहून मोठी गोष्ट ही की, प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून मिळत. पेशवा राज्य करी, पण त्यांच्या नावाने. आता ते नावच त्याच्या छावणीत राहिले नाही. एप्रिलमध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविले, आणि पुढे १८३९ मध्ये त्यांनीच त्यांना पदच्युत केले.

मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने सोलापूरचा भुईकोट घेतला. सिद्धेश्वर तलावाच्या काठचा तो किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ३ जून रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला सालिना आठ लाख रुपयांचे वेतन मिळाले आणि गंगेच्या काठी बिठूर येथे तो १८५१ पर्यंत जगला.