वाहक लहर पाठवावी की गाळावी?

सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. मध्यम लहरींवरील १२५१ किलोहर्ट्झ ही त्याची ओळख. हा आकडा वाहक लहरीच्या कंप्रतेचा. तिच्यावर १ किलोहर्ट्झचा स्वर चढवला, की दोन्ही बाजूंना १२५० आणि १२५२ किलोहर्ट्झच्या लहरी उमटतात. यांनाच साइडबँड म्हणतात.

आता शक्तीचा हिशेब पाहा. वाहक लहर १०० वॅटची असेल, तर बाजूच्या लहरींना फार तर २५-२५ वॅट मिळतात. गंमत अशी, की स्वराची माहिती या दोघींतच असते आणि तीही सारखीच! मग वाहक व एक बाजू गाळून उरलेली एकच पाठवली तर? हेच सिंगल साइडबँड प्रक्षेपण. त्यात शक्ती वाचते, कंप्रतेची जागाही निम्मीच लागते.

मात्र गाळलेली वाहक लहर ग्राहकयंत्राला स्वतः निर्माण करावी लागते. ती २०० हर्ट्झने चुकली, तर २०० चा स्वर ४०० होतो आणि ४०० चा ६००. दुपटीचे नाते मोडते. माणूस बदकासारखा बोलू लागतो! घरगुती रेडिओत ही सोय नसते, म्हणून मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात वाहक लहर ठेवतात.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुराने सांगलीला वेढले. अशा पुरात वीज आणि टेलिफोन बंद पडले, तर बॅटरीवर साताऱ्याशी बोलणाऱ्या हौशी रेडिओचालकाला वाचलेला प्रत्येक वॅट मोलाचा ठरतो.