ऑयलरचा शब्द मोडणारे श्रीखंडे

दिवाळी अंकात श्रीखंडे हे आडनाव दिसल्यावर वाचकांना आधी केशर-वेलदोड्याचा वास आला, तर त्यात त्यांचा काही दोष नाही. पण आज ज्या श्रीखंड्यांची ओळख करून द्यावयाची आहे, त्यांचा संबंध चक्क्याशी नसून चौकटींशी आहे. प्राध्यापक शरदचंद्र शंकर श्रीखंडे १९१७ साली जन्मले आणि २०२० साली निवर्तले. तब्बल १०२ वर्षांचे आयुष्य! ह्या आयुष्यातल्या एका एप्रिल महिन्यात त्यांनी, दोघा सहकाऱ्यांच्या साथीने, जगातल्या एका थोर गणितीचा १७७ वर्षे टिकलेला शब्द मोडून दाखवला.

तुम्ही म्हणाल, ही हकिगत भिवंडीच्या माणसाने का सांगावी? भिवंडी म्हणजे मागांचे गाव. निजामपुऱ्यापासून शांतीनगरापर्यंत कुठेही उभे राहा, धोट्याची खटखट कानी पडायचीच. तेथे गणित ते कसले? ताग्यांचा हिशेब आणि हप्त्याची मजुरी! पण श्रीखंड्यांच्या चौकटी आमच्या कारखान्यात कशा येऊन पोहोचल्या, ते पुढे सांगणारच आहे. आधी कोडे.

फराळाचे ताट बाजूला सारा आणि पत्त्यांचा जोड घ्या. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ह्या चारांचे एक्के, राजे, राण्या आणि गुलाम अशी १६ पाने निवडा. आता ती चार ओळींत चार-चार अशी मांडा की, कोणत्याही आडव्या किंवा उभ्या ओळीत एक्का, राजा, राणी, गुलाम एकेकदाच यावेत आणि इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हेही एकेकदाच यावेत. थोडी खटपट केलीत तर जमेल. घरातली मुले बहुधा तुमच्या आधी जमवतील!

अठराव्या शतकातला स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर ह्याने हेच कोडे लष्करी वेषात मांडले. सहा पलटणी आहेत. प्रत्येकीतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे सहा अंमलदार आले आहेत. ह्या ३६ जणांना सहा गुणिले सहाच्या चौकोनात असे उभे करावयाचे की, प्रत्येक ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा. ऑयलर म्हणजे सामान्य असामी नव्हे. दृष्टी गेल्यावरही लेखनिकाला सांगून निबंधांमागून निबंध लिहिणारा हा माणूस. त्याला ही जुळणी साधली नाही. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने अंदाज वर्तवला की, सहाची चौकट जुळणे अशक्य आहे. इतकेच नव्हे, तर १०, १४, १८, २२ अशा, चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या कोणत्याही संख्येची चौकट जुळणार नाही.

सहाच्या बाबतीत तो बरोबर होता. फ्रान्सच्या गास्ताँ तारी ह्या हौशी गणितीने १९०० च्या सुमारास साऱ्या शक्यता चिकाटीने तपासून तसे सिद्धच केले. मग दहाचे काय? दहाच्या चौकटीच्या शक्यता इतक्या अफाट की, हाताने त्या तपासणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे. कॅलिफोर्नियात एका संगणकालाही ह्या कामाला जुंपून पाहिले. हाती काही लागले नाही. ऑयलर म्हणाला ना, मग खरेच असणार, अशी बहुतेकांची समजूत झाली.

आता आमच्या कारखान्यातली गोष्ट. मी महाविद्यालयात सांख्यिकी शिकत होतो तेव्हाची. वडिलांचे काही माग होते. एकदा एका व्यापाऱ्याने तागे परत पाठवले. कापडात तुटलेल्या धाग्यांचे दोष फार, म्हणे. मुकादमाने ते ज्या मागावरून उतरले होते त्यावरच्या कारागिराकडे बोट दाखवले, आणि त्या हप्त्याला त्याची मजुरी कापली गेली. हा कारागीर उत्तर प्रदेशातून आलेला, वयाने मोठा. आम्ही मुले त्याला चाचा म्हणत असू. तो एवढेच म्हणाला, “बाबू, हात मेरा है, सूत तो मेरा नहीं.”

चाचाचे म्हणणे साधे होते, पण त्याचा निवाडा कसा करावयाचा? दोष कारागिराचा, मागाचा, सुताचा, की त्या दिवशीच्या हवेचा? हवा कोरडी झाली की सूत अधिक तुटते, हे मागावरचे पोरही जाणते. चाचाच्या वाट्याला नेहमी तोच माग आणि तेच सूत आले, तर दोष कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वर्गात नुकतीच शिकलेली एक मांडणी मी वडिलांसमोर ठेवली. सुताचे तीन प्रकार क, ख, ग. कारागीर १, २, ३. माग तीन आणि दिवस तीन.

पहिला दिवस: क१, ख२, ग३
दुसरा दिवस: ख३, ग१, क२
तिसरा दिवस: ग२, क३, ख१

पाहा, प्रत्येक सूत प्रत्येक मागावर एकदा गेले, प्रत्येक कारागिराच्या हाती एकदा आले, आणि रोज एकदा विणले गेले. कुणाला चांगला माग, कुणाला वाईट, असा पंक्तिप्रपंच राहिला नाही. तीन दिवसांच्या मोजणीवर पक्का निकाल देता येत नाही, म्हणून आम्ही तोच फेरा पुन्हा केला. दोन्ही वेळा धागे तुटले ते ‘ख’ सुताचे. मग ते चाचाच्या हाती असो वा तरुण कारागिराच्या. वडिलांनी कापलेली मजुरी पुढच्या हप्त्यात चाचाला परत केली. व्यापाऱ्याने सुताचा दोष कबूल केला नाही. पण आम्ही ते सूत घेणे थांबवले.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, ही मांडणी म्हणजे तेच पत्त्यांचे कोडे, फक्त तीनाचे. इंग्लंडात रोनाल्ड फिशर ह्याने १९२० नंतरच्या काळात शेतीच्या प्रयोगांत अशा चौकटी रूढ केल्या. कोणते बियाणे चांगले हे ठरवताना जमिनीच्या कसाचा फायदा एकाच बियाण्याला मिळू नये, हा हेतू. रमण्यासाठी काढलेले कोडे असे न्यायनिवाड्याचे साधन बनले, आणि कोणत्या संख्येची चौकट जुळते हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा उरला नाही.

ह्याच विद्येत श्रीखंडे वाढले. जन्म १९ ऑक्टोबर १९१७, मध्य प्रदेशातील सागर येथे. गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून ह्या गावाचा मराठी मुलखाशी संबंध. शिक्षण नागपूरच्या सरकारी विज्ञान महाविद्यालयात. पुढे कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था. तेथे फिशरच्या विद्येचा भारतातील मोठा अभ्यास चाले आणि राजचंद्र बोस ह्यांच्यासारखे गणिती काम करीत. बोस पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले. त्यांच्याच हाताखाली श्रीखंड्यांनी १९५० साली डॉक्टरेट मिळवली. मग नागपूरला अध्यापन, आणि पुन्हा काही काळ गुरूंकडे चॅपेल हिलला.

तेथे गुरुशिष्यांनी ऑयलरच्या अंदाजाला हात घातला. साऱ्या शक्यता चाळण्याच्या फंदात ते पडले नाहीत. लहान लहान जुळण्या घेऊन त्यांतून मोठी चौकट विणण्याची रीत त्यांनी शोधली, आणि त्या रीतीने २२ ची चौकट उभी राहिली! ऑयलरने अशक्य म्हटलेली चौकट प्रत्यक्ष कागदावर. अर्नेस्ट पार्कर ह्या अमेरिकन गणितीने ह्याच वाटेने जाऊन दहाची चौकट जुळवली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की, दोन आणि सहा सोडल्यास झाडून साऱ्या संख्यांची चौकट जुळते. २६ एप्रिल १९५९ ला न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली, आणि त्या नोव्हेंबरात सायंटिफिक अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर दहाची रंगीत चौकट झळकली. ऑयलरचा डाव उधळणारे त्रिकूट, असे ह्या तिघांना थट्टेने म्हणू लागले.

त्याच वर्षी श्रीखंड्यांनी १६ बिंदूंची आणखी एक नवलाची रचना प्रसिद्ध केली. समजा १६ माणसे आहेत. प्रत्येकाच्या ओळखीचे बरोबर सहा. आणि कोणतेही दोघे घ्या, त्यांची आपसांत ओळख असो वा नसो, दोघांच्याही ओळखीची माणसे नेमकी दोनच. जगभरच्या पुस्तकांत ही रचना श्रीखंडे आलेख ह्या नावाने येते.

एवढे नाव झाल्यावर परदेशी राहणे त्यांना अवघड नव्हते. ते परतले. काही काळ बनारस हिंदू विद्यापीठ, आणि १९६३ पासून मुंबई विद्यापीठ. तेथील गणित विभागाची उभारणी त्यांनी केली, १९७८ पर्यंत त्याचे प्रमुखपद सांभाळले, विद्यार्थी घडवले. पुढे अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालकपदही भूषवले. त्यांचे चिरंजीव मोहन हेही ह्याच शाखेतले गणिती झाले. २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाडा येथे श्रीखंडे गेले. देश टाळेबंदीत होता.

गणित हे पोरवयातच सुचते, असा एक समज आहे. ऑयलरचा शब्द मोडला तेव्हा बोस ५७ वर्षांचे होते आणि श्रीखंडे ४१ चे. ऑस्ट्रियाचे लेओपोल्ड व्हिएटोरिस तर १८९१ ते २००२ असे ११० वर्षे जगले आणि १०३ व्या वर्षीही त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा चाळिशी उलटलेल्या वाचकांनी धीर सोडू नये!

आणि मुलांसाठीही काम शिल्लक आहे. दहाच्या दोन चौकटी एकमेकींत बसवता येतात, हे श्रीखंड्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवले. एकमेकींत बसणाऱ्या दहाच्या तीन चौकटी असतात की नाही, हे आजपर्यंत कुणालाही कळलेले नाही. कुणी मोठा माणूस ‘शक्य नाही’ म्हणाला, तरी मुलांनी कागद-पेन्सिल खाली ठेवू नये.