चेहरा नसलेला दरोडेखोर

परवा सिडनी नोलन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराच्या चित्रांचं पुस्तक चाळत बसलो होतो. शेजारी नात येऊन बसली. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, याला चेहरा का नाही?"

चित्र १९४६ सालचं. दारं-खिडक्यांना लावतात तसल्या एनॅमल रंगात केलेलं. उजाड माळ, वर निळं आभाळ. घोड्यावर पाठमोरा स्वार, हाती बंदूक. डोक्याच्या जागी काळा चौकोन आणि त्याला आडवी फट. फटीत डोळे नाहीत. पलीकडचं आभाळच दिसतं! हा नेड केली.

केली व्हिक्टोरिया प्रांतातल्या गरीब आयरिश शेतकऱ्याचा मुलगा. बाप शिक्षा होऊन आयर्लंडहून तिकडे पाठवलेला. ऑक्टोबर १८७८ मध्ये स्ट्रिंगीबार्कच्या ओढ्यापाशी त्याच्या टोळीनं तीन पोलिसांना ठार केलं. पुढं दोन बँका लुटल्या. नांगराच्या जाड लोखंडी पत्र्यांची चिलखतं केली. जून १८८० मध्ये ग्लेनरोवानला शेवटची चकमक झाली. चिलखतातून पाय तेवढे उघडे राहिले होते. पोलिसांनी नेमके तिथं नेम धरले आणि केली कोसळला. हजारो लोकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या, तरी ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.

लोकांनी मात्र त्याला मरू दिलं नाही. नोलनलाही त्याची ओढ वाटली, याचं नवल नाही. तो स्वतः १९४४ मध्ये सैन्यातून पळालेला. खोटं नाव घेऊन वावरणारा. त्यानं १९४६-४७ मध्ये केलीवर सत्तावीस चित्रांची मालिका केली. त्यातली सव्वीस आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

गंमत अशी की, स्ट्रिंगीबार्कच्या वेळी ते चिलखत तयारच झालेलं नव्हतं आणि कोर्टात तर केली ते घालून उभा राहिलेला नाही. तरी नोलन दोन्हीकडे त्याच्या डोक्यावर तो काळा चौकोन ठेवतो. मला वाटतं, दंतकथेचं काम असंच चालतं. माणूस पुसला जातो, टोप उरतो. त्या फटीत ज्याला जे हवं ते दिसतं. कुणाला शूर वीर, कुणाला खुनी.

पण नोलन तेवढ्यावर थांबला नाही. दंतकथेत मरणारा पोलीस नुसता 'पोलीस' असतो. नोलननं सार्जंट केनेडी आणि शिपाई स्कॅनलन यांच्या मृत्यूंची, त्यांच्या नावानिशी, वेगळी चित्रं काढली.

"मग हा चांगला की वाईट?" नातीनं विचारलं. मी उत्तर न देता पान उलटून केनेडीचं चित्र दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"याच्या घरी कोण होतं?"

"बायको होती. मुलं होती."

त्यावर ती काही बोलली नाही. पुस्तक मात्र तिनं त्याच पानावर उघडं ठेवलं.