शब्द, अर्थ आणि वाक्य

नर्मदेच्या सान्निध्यात वसलेले जबलपूर हे मध्य प्रदेशातील एक मोठे शहर. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही शहरे एकाच प्रांतात होती. नोकरी, व्यापार आणि शिक्षण यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. अशा कुटुंबांत घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी असा तीन भाषांचा व्यवहार दिसतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरात आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना आणि पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. अशा ठिकाणी इंग्रजी अर्ज, सूचना आणि फलक सतत समोर येतात. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांना येथे पावलोपावली दुसऱ्याचा आधार घ्यावा लागतो. म्हणूनच प्रौढ वयात अनेकजण इंग्रजी शब्द शिकण्याचा निश्चय करतात.

दोन रकान्यांची वही

शब्द शिकण्याची सर्वांत परिचित पद्धत म्हणजे दोन रकान्यांची वही. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज दहा शब्द पाठ करायचे. ही पद्धत निरुपयोगी नाही. परंतु ती अपुरी आहे. उदाहरणार्थ, 'ऑर्डर' हा शब्द घेऊ. वहीत त्याच्यासमोर 'आज्ञा' असा अर्थ लिहिलेला असतो. आता हाच शब्द शहरात कोठे कोठे भेटतो ते पाहावे.

'द कोर्ट पास्ड ॲन ऑर्डर.' न्यायालयाने आदेश दिला.
'ही ऑर्डर्ड टू कप्स ऑफ टी.' त्याने दोन कप चहा मागवला.
'राइट द नेम्स इन ऑर्डर.' नावे क्रमाने लिहा.
'द लिफ्ट इज आउट ऑफ ऑर्डर.' लिफ्ट बिघडलेली आहे.

ज्याला केवळ 'आज्ञा' हा एकच अर्थ ठाऊक आहे, तो चौथी सूचना वाचून 'आज्ञेशिवाय लिफ्ट वापरू नये' असा समज करून घेईल. शब्द पाठ असूनही वाचन चुकले. 'सेंटेन्स' या शब्दाचेही असेच आहे. शाळेत त्याचा अर्थ 'वाक्य'. न्यायालयात त्याचा अर्थ 'शिक्षा'. 'फाइन' म्हणजे 'छान', आणि 'फाइन' म्हणजे 'दंड' सुद्धा. यांतील कोणता अर्थ घ्यावा हे एकटा शब्द कधीही सांगत नाही, वाक्य सांगते.

ही चूक नेहमीच हसण्यावारी नेण्याजोगी नसते. औषधाच्या बाटलीवर 'शेक वेल बिफोर यूज' असे छापलेले असते. 'वेल' म्हणजे 'विहीर' एवढेच ज्याने पाठ केले आहे, तो येथे अडेल. वाक्यात 'वेल' म्हणजे 'चांगले'. बाटली वापरण्यापूर्वी चांगली हलवावी, असा त्या सूचनेचा अर्थ. त्याच बाटलीवर 'कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन' अशीही सूचना असते. 'रीच' म्हणजे 'पोहोचणे' हे माहीत असले, तरी 'मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा' हा अर्थ संपूर्ण वाक्यातूनच उमगतो. बाटली कोठे ठेवायची हे या एका वाक्याच्या आकलनावर अवलंबून असते.

जबलपूरशी जोडलेला एक शब्द

शब्दाचा अर्थ वापराने कसा बदलतो, याचे एक ठळक उदाहरण जबलपूरच्या इतिहासातच सापडते. विल्यम हेन्री स्लीमन हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जबलपुरात होता. वाटसरूंशी ओळख वाढवून, त्यांचा विश्वास संपादन करून, पुढे त्यांचा गळा आवळून लूट करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध त्याने मोहीम चालवली. या टोळ्यांतील लोकांना ठग म्हणत. पकडलेल्यांपैकी माफीचे साक्षीदार झालेल्यांच्या जबान्यांवरून स्लीमनने त्यांच्या सांकेतिक बोलीचा एक शब्दसंग्रह तयार केला. 'रामासीयाना' या नावाने तो १८३६ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. तंबाखूचा उल्लेख असलेले एखादे साधे वाक्य हा हल्ल्याचा इशारा असे, अशी नोंद त्या काळच्या वर्णनांत आढळते. शब्द तोच, परंतु बोलणारा आणि प्रसंग बदलला की त्याचा अर्थ किती भयंकर होऊ शकतो, हे यावरून दिसते. ही सारी माहिती मुख्यतः कैद्यांच्या जबान्यांवर आधारलेली असल्याने आजचे इतिहासकार ती सावधपणे वाचतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलर याची ठगाच्या कबुलीजबाबावरील कादंबरी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली आणि 'ठग' हा शब्द तेथील वाचकांच्या तोंडी बसला. मात्र इंग्रजीत गेल्यावर त्याचा अर्थ पालटला. मराठीत ठग किंवा ठक म्हणजे फसवणारा. गोड बोलून दुसऱ्याला गंडवणारा. इंग्रजीतील 'थग' म्हणजे मारहाण करणारा गुंड. वजनात लबाडी करणाऱ्या दुकानदाराला मराठीत ठग म्हणता येईल. परंतु इंग्रजीत त्याला 'थग' म्हटले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हाणामारी करणारा माणूस उभा राहील. त्याच्यासाठी इंग्रजीत 'चीट' हा शब्द योग्य ठरेल.

मराठीतून इंग्रजीत गेलेला आणखी एक शब्द म्हणजे मुंगूस. इंग्रजीत त्याचा 'मंगूस' झाला. त्याचे अनेकवचन 'मंगूसेस' असे होते. 'गूस' म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी; त्याचे अनेकवचन 'गीस' होते म्हणून 'मंगीस' असे रूप कोणी केले, तर ते चूक ठरते. भाषा परकी असली, तरी तिच्या शब्दभांडारात आपल्या मातीतील शब्दही आहेत, हे कळल्यावर शिकणाऱ्याचा संकोच काहीसा कमी होतो.

कोशकारांची वाट

शब्दाचा अर्थ वाक्यातून दाखवावा, ही कल्पना जुनीच आहे. सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कोशात अर्थ स्पष्ट करण्यासाठी नामवंत लेखकांची वाक्ये दिली. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशानेही हीच रीत अधिक व्यापक प्रमाणावर स्वीकारली. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि अखेरचा १९२८ मध्ये. मराठीसाठी जेम्स मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि थॉमस कँडी याचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

तथापि हे मोठे कोश परकी भाषा नव्याने शिकणाऱ्यासाठी नव्हते. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने ही उणीव ओळखली. विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ कळतो, पण तो वाक्यात कसा बसवावा हे कळत नाही, हे लक्षात घेऊन त्याने सहकाऱ्यांच्या मदतीने एक कोश तयार केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. आज शिकणाऱ्यांसाठी जे इंग्रजी कोश मिळतात, त्यांत अर्थाखाली छोटी उदाहरणवाक्ये असतात. अनेकजण घाईत ती ओलांडून पुढे जातात. वास्तविक कोशातील सर्वांत उपयुक्त भाग तोच असतो.

वाक्यातून काय कळते?

वाक्यातून अर्थाबरोबर शब्दाची बैठकही कळते. 'अफोर्ड' म्हणजे 'परवडणे'. मराठीत 'मला नवी सायकल परवडत नाही' असे म्हणतात. येथे परवडणारी वस्तू सायकल आहे आणि क्रियापद तिच्यामागून चालते. इंग्रजीत 'आय कॅनॉट अफोर्ड अ न्यू सायकल' असे वाक्य होते. तेथे कर्ता माणूस आहे. केवळ अर्थ पाठ करणारा सायकललाच कर्ता करील आणि वाक्य बिघडेल. 'डिस्कस' म्हणजे 'चर्चा करणे'. मराठीत चर्चा विषयावर होते; इंग्रजीत मात्र 'वी डिस्कस्ड द मॅटर' एवढेच म्हणतात. 'वर' या अर्थाचा वेगळा शब्द तेथे लागत नाही.

वाक्यामुळे अनोळखी शब्दाचा अंदाजही बांधता येतो. 'द टॅप वॉज ड्राय, सो शी वेंट टू द रिव्हर टू फेच वॉटर.' नळ कोरडा होता, ती नदीवर गेली, आणि पुढे पाण्याचा उल्लेख आहे. 'फेच' म्हणजे 'जाऊन आणणे' हे कोश न उघडताही ताडता येते. असा अंदाज करून मग कोशात पडताळून पाहिलेला शब्द सहसा विसरला जात नाही.

तीन रकान्यांची वही

यावरून वहीत एक रकाना वाढवावा, हे उघड आहे. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ आणि तिसऱ्यात वाक्य. प्रथम कोशातील किंवा पाठ्यपुस्तकातील वाक्य उतरवावे. त्याखाली स्वतःच्या जीवनातील एक वाक्य रचावे. शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने 'मेझर' म्हणजे 'माप घेणे' या शब्दासाठी 'आय मेझर द क्लॉथ बिफोर आय कट इट' असे लिहावे. कारखान्यातील कामगाराने आपल्या यंत्राविषयी लिहावे. जे वाक्य स्वतःच्या हातच्या कामाविषयी असते, ते स्मरणात टिकते. दिवसाला दहा शब्दांऐवजी चारच शब्द घ्यावेत. परंतु दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्यांची उजळणी करावी. उजळणीच्या वेळी अर्थाचा रकाना हाताने झाकून, वाक्य वाचून अर्थ आठवावा.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून त्यांची वाक्ये पाहण्याचे राहून जाते. 'रुग्ण सिरियस आहे' म्हणजे त्याची प्रकृती चिंताजनक आहे, असे मराठीत सर्वांना कळते. इंग्रजीत 'ही इज सिरियस' म्हटले, तर तो मनुष्य गंभीर वृत्तीचा आहे किंवा थट्टा करीत नाही, असा अर्थ होतो. आजारासाठी 'ही इज सिरियस्ली इल' असे म्हणावे लागते. मराठीत 'हॉटेल' म्हणजे बहुधा चहा-फराळाची जागा; इंग्रजीत मुख्यतः मुक्कामाची.

हातातील औषधाची सूचना, मुलाच्या शाळेतून आलेले पत्र, कचेरीतील अर्ज हे सारे स्वतः वाचता यावे, एवढीच अनेक प्रौढ विद्यार्थ्यांची अपेक्षा असते. त्यासाठी हजारो सुटे शब्द पाठ असण्याची गरज नाही. थोडे शब्द असावेत, पण प्रत्येक शब्द त्याच्या वाक्यासह यावा. माणसाची पारख जशी त्याच्या संगतीवरून होते, तशीच शब्दाची पारख त्याच्या शेजारच्या शब्दांवरून होते.