कर्करोग कपाळावर लिहून येत नाही



गळिताचा हंगाम सुरू झाला, की काट्यासमोर वाहनांची रांग लागते. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या. नंबर यायला चार-पाच तास सहज जातात. एवढ्या वेळात माणूस काय करतो? तळहातावर तंबाखू घेतो, डबीतला चुना बोटाने काढतो, अंगठ्याने मळतो, झाडतो आणि शेजारच्याला म्हणतो, “घ्या की पाव्हणं!” कधी न भेटलेली दोन माणसं त्या एका चिमटीवर सोयरी होतात. आम्ही हे वर्षानुवर्षे पाहात आलो आहोत. खरे सांगायचे, तर आमच्यापैकी काहींनी रांगेत बसून ती चिमूट घेतलेलीही आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहोत, तो उंबऱ्याबाहेर उभे राहून केलेला उपदेश नव्हे.

याच रांगेत एक वयस्कर गाडीवान आम्हाला भेटले. भाकरीचा तुकडा तोंडात जाईना, म्हणून दुधात कुस्करून खात होते. गालाच्या आत फोड आली होती. सहा महिने तशीच होती. दुखत नव्हती, म्हणून कुणाला दाखवली नाही. दुखायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि कर्करोग निघाला. गाडीवान शांतपणे म्हणाले, “कपाळात हुतं ते झालं. त्याला कोन काय करनार?”

या एका वाक्याला उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

बेणे बिघडते ते असे

आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. किती वाढायचे आणि कुठे थांबायचे, याचा हुकूम पेशीच्या आतच लिहिलेला असतो. हा मजकूर बिघडला, की पेशी थांबायचे विसरते आणि वाढत सुटते. बेण्यातच रोग असला, तर तो लावणीतही उतरतो आणि खोडव्यातही. तसेच बिघडलेल्या पेशीपासून झालेल्या पेशीही बिघडलेल्याच निघतात. पुढे त्या रक्तावाटे किंवा लसिकावाटे दुसऱ्या अवयवांतही जाऊन रुजतात.

हा बिघाड एका दिवसात होत नाही. पुष्कळदा दहा, वीस, तीस वर्षे जातात. म्हणूनच कारण आणि परिणाम यांची सांगड आपल्याला लागत नाही. कोणी म्हणतो, “आमचं आजोबा ऐंशी वर्षं तंबाखू खाऊन गेलं, त्यास्नी काय झालं न्हाई.” खरे असेल. पण विडी टाकली की दर वेळी फड पेटतोच असे नाही, म्हणून कोणी वाळल्या पाचटात विडी टाकतो काय? धोका म्हणतात तो हाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत. आईबापांकडून आलेल्या दोषामुळे होणारे कर्करोग साधारण ५ ते १० टक्केच. वाढते वय हेही एक कारण आहे आणि त्याला इलाज नाही. काही वेळा तर कारण सापडतही नाही. म्हणून रोग झालेल्या माणसाला “तुझीच चूक” असे कोणी म्हणू नये. पण जे हातात आहे, तेही थोडे नाही.

पहिला नंबर तंबाखूचा

जगातील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश एकट्या भारतात आहेत, आणि आपल्या पुरुषांत हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. त्यांतही ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे, चघळणारे आणि लावणारे कितीतरी जास्त.

तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये असतात. ती पेशीच्या आतल्या मजकुरावरच घाव घालतात. चुन्यामुळे निकोटीन लवकर रक्तात जाते, म्हणून तलफ पक्की होते, आणि तोच चुना गालाची नाजूक कातडी भाजून काढतो. चिमूट रोज एकाच जागी ठेवली, की घावही रोज एकाच जागी बसतो.

माताभगिनींनी इथे कान द्यावा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची, ती मिश्री. “आम्ही तंबाखू खात न्हाई, नुसती मिश्री लावतो,” असे आमच्या घरांतूनही ऐकू येते. पण मिश्री म्हणजे तंबाखूच. दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा बोट दातांवर जाते. पहाटे तीनला उठून फडावर जाणारी तोडकरी बाई भूक मारायला ती लावते, हे आम्ही जाणतो. गर्भार बाईने लावली, तर मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

नुसती सुपारीही निर्धोक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातले. सुपारी, मावा, गुटखा चघळून तोंड उघडणे कमी कमी होत जाते, तीन बोटे उभी आत जात नाहीत. ही पुढच्या धोक्याची घंटा समजावी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुडी कुठे मिळते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

विडी-सिगारेटने फुफ्फुस, घसा, अन्ननलिका आणि मूत्राशय, सगळीकडे धोका वाढतो. त्यात दारूची भर पडली, तर धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, त्याच्या कितीतरी पुढे जातो. दारू एकटीही तोंड, घसा, यकृत, आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाचे कारण आहे. आपल्या धंद्यात मळीपासून अल्कोहोल तयार होते, म्हणून हे लिहिताना आम्ही हात आखडता घेणार नाही.

बायकांचे दुखणे अंगावर काढू नये

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींच्यात टिकून राहतो आणि पुष्कळ वर्षांनी रोग होतो. कर्करोग स्वतः मात्र संसर्गाने पसरत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने काही होत नाही.

या बाबतीत जगाला धडा मिळाला, तो आपल्याच मुलखातून. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात आयुष्यात एकदाच एच.पी.व्ही. तपासणी झाली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

दुसरी पद्धत आणखी साधी. पातळ केलेले अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधला आंबट भाग, गर्भाशयाच्या तोंडाला लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केल्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून हेच आम्ल बनते, हे आपल्या लोकांना सांगायला नकोच. मुलींसाठी लसही आहे. ९ ते १४ हे तिचे उत्तम वय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला २०२२ साली मान्यता मिळाली.

आता एक कटू गोष्ट. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीमार्फत २०१९ साली पाहणी केली. ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्यावरून “पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल” अशी भीती घातल्याचे कित्येकींनी सांगितले. अंगावर पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. तपासणीवाचून आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्यावाचून कोणाही बाईने पिशवी काढू देऊ नये. ज्या बायांच्या कोयत्यावर आपला हंगाम चालतो, त्यांना एवढे सांगणे आपले कर्तव्य आहे.

स्तनाचा कर्करोग आज भारतीय स्त्रियांत पहिल्या क्रमांकावर आहे. वाढते वय, लठ्ठपणा, पहिले मूल उशिरा होणे, अंगावर न पाजणे आणि घराण्यात हा रोग असणे, यांनी धोका वाढतो. न दुखणारी गाठ लागली, तर आठवडाभरात दाखवावी.

“मग साखरेचं काय?”

हा प्रश्न सभासद आम्हाला हमखास विचारतात. साखर खाल्ल्याने थेट कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. पण गरजेपेक्षा जास्त गोड खाल्ले, अंगमेहनत सुटली आणि वजन वाढले, तर त्या लठ्ठपणाने तेरा प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो. साखर आपली आहे, म्हणून हे लपवावे असे आम्हाला वाटत नाही.

फवारणी करताना हात, नाक आणि तोंड झाका. लिंडेनसारखे जुने कीटकनाशक २०१५ साली कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले गेले. त्यावर आता आपल्याकडे बंदी आहे, पण जुने डबे कोठीत पडून असतील, तर ते वापरू नका. कामगार बंधूंनीही ध्यानात ठेवावे. जुन्या बॉयलरच्या पाइपांवरील अॅस्बेस्टॉसचे आवरण कोरडे खरवडू नये. त्याची धूळ फुफ्फुसात बसते आणि कित्येक वर्षांनी उठते.

आता करायचे काय?

महिन्यातून एकदा चूळ भरून, आरसा घेऊन उन्हात उभे राहा. दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गिळताना अडचण, बसलेला आवाज, मानेत गाठ, पाळीशिवाय रक्त जाणे, यांपैकी काही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला हा रोग दुखत नाही, आणि बरा होण्याची आशा सर्वांत जास्त असते ती त्याच वेळी. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे तोंड यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. तंबाखू सोडायची असेल, तर १८००-११२-३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

शेवटी आमची एक सूचना. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या दारात पानसुपारी आणि तंबाखूचे तबक ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. मान द्यावा म्हणून ती पडली. यंदा त्या तबकात गूळ-शेंगदाणे ठेवावेत, असे आम्ही संचालक मंडळाला कळविले आहे. मान तेवढाच राहील. आणि काट्याच्या रांगेत कोणी “घ्या की पाव्हणं” म्हणाला, तर त्याच्या शेजारी जरूर बसा, घरची-दारची चौकशी करा, पण ती चिमूट तेवढी घेऊ नका.